गोठ्यातली बाळंतीण

मालवण, जि. रत्नागिरी
ता. २७ नोव्हेंबर १९६०, रविवार

प्रिय एस्पू,

तुझं पार्सल काल दुपारी हाती आलं. त्यातून निघालं ते असं: काळे मनुके अर्धा शेर, कुंद्याचा डबा एक, तुझ्या भावोजींना लोकरीचा गळपट्टा एक (त्याला कुंद्याचं तूप लागलं आहे, मी पीठ लावून ठेवला आहे, निघेल), मेणबत्त्या सहा, पैकी दोन मोडक्या, आणि सगळ्यात तळाशी तीन ओळींची चिठ्ठी. वर तिकिटं दोन रुपये चाळीस नये पैशांची. पोस्टमन दत्ताराम पार्सल उलटसुलट करून म्हणाला, "बाई, अजून दोन रुपये घातले असते तर एस्टीत बसान तुमची भैनच इली असती." मी हसले. तो गेल्यावर मात्र तेच डोक्यात राहिलं.

एस्पू, दोन नाताळ झाले. तू बाळंतपणाला म्हणून सातव्या महिन्यात माझ्याकडे आलीस, आणि रिकाम्या ओटीने बेळगावला परत गेलीस. त्यानंतर तुझी पार्सलं येतात, तू येत नाहीस. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, तुझ्या वेण्या मी घातल्या. तेव्हा मला एवढं विचारायचा हक्क आहे असं मी धरून चालते: ह्या नाताळला येशील का?

आता इकडची हकीकत. ह्या वर्षी कोपेलात वेदीशेजारी नाताळचा गोठा मांडायची पाळी आपल्या घराची आहे. माळ्यावरची पेटी खाली काढली तर पावसाळ्यात वरची कौलं तिच्यावरच पडलेली. मारियेचा घोव जोजे हातातल्या दिव्यासकट धड आहे. बैल, गाढव, मेंढपाळ धड आहेत. भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांपैकी एकाचा हात गेला, पण राजाचं काय, दुसऱ्या हाताने देईल भेट. बाळ येशू कापसात होता, त्याला ओरखडासुद्धा नाही. मारियेचा मात्र चुरा झाला. मान तेवढी माझ्या हातात आली.

म्हापशाहून नवी आणायची म्हटलं तर गोव्याची हद्द बंद. मुंबईची परवडत नाही आणि वेळेत येणार नाही. शेवटी कुंभारवाडीतल्या गंगारामला सांगितलं. गणपती करतो तो. वाडीत लगेच कुजबुज, की गणपती करणाऱ्या हाताची मारिया कोपेलात चालेल का म्हणून. मी म्हटलं, माती त्याच मळ्यातली, ज्याचा तांदूळ आपण सगळेच खातो. पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, कर.

गंगारामने कधी कोपेलाची पायरी चढलेली नाही. म्हणून मी त्याला सोपं करून सांगितलं: "बाई आहे, नुकती बाळंत झालेली. जागा गोठ्याची. लुगडं निळं." तो म्हणाला, "समाजलां." तेव्हा एक काळजी मिटली.

तुझी मात्र मिटत नाही. इनासला ऑफिसात रजा मागायला सांग. माझ्यावर राग असेल तर तो इथे येऊन काढ.

तुझी बाय,
लुदविना


बेळगाव
३ डिसेंबर १९६०

प्रिय बाय,

कार्डच लिहिते, राग मानू नकोस. यांच्या ऑफिसात वर्षअखेरची गडबड आहे, रजेचं कठीण दिसतं. इथे थंडी पुष्कळ. शेजारच्या कावेरीबाईंच्या मुलींची परकरपोलकी शिवायला घेतली आहेत, त्यात वेळ बरा जातो.

गळपट्ट्याला पीठ नको, खडू लाव.

तुझ्यावर राग नाही. पण बाय, कोपेलाच्या वाटेवर ती भिंत आहे. दफनभूमीच्या आत आई आहे, पप्पा आहेत, आणि माझा मुलगा भिंतीच्या बाहेर. त्या वाटेने मला चालवत नाही. याहून जास्त कार्डावर लिहिता येत नाही, तुमचा दत्ताराम वाचतो.

भावोजींना सलाम.

तुझी एस्पू


मालवण
ता. ९ डिसेंबर १९६०

प्रिय एस्पू,

दत्तारामने कार्ड वाचलं. देताना त्याची मान खाली होती, त्यावरून समजले.

भिंतीबद्दल तू लिहिलंस ते बरं केलंस. दोन वर्षं मी मनात तेच धरून होते. नियम तुलाही ठाऊक आहे, बाप्तिस्म्याविना गेलेल्याला आत जागा नाही. तुझ्या भावोजींनी त्याला उंडीच्या झाडाखाली ठेवलं, तिथे सावली आहे. मी दर रविवारी तिथलं गवत काढते. आजवर लिहिलं नव्हतं, आता लिहिते. यापुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून परवा घडलं ते सांगते. वाचून हसलीस तर मला कळव.

बुधवारी तुझ्या भावोजींनी गंगारामकडून मूर्ती आणली. पाटीत गवत, गवतात मूर्ती, वर ओलं फडकं. मागून गंगाराम, आणि त्याच्या मागून त्याची आई सावित्रीमावशी, काठी टेकत. आपल्या वाडीतली अर्धी माणसं तिच्याच हातात जन्मलेली, तेव्हा तिला "तू कशाला आलीस" असं कोण विचारणार? कोपेलाच्या ओसरीवर पाटी ठेवली. तेर्साची माळ संपवून बायका तिथेच होत्या. मी फडकं काढलं.

एस्पू, मारिया झोपलेली!

गुडघ्यांवर बसलेली नाही, हात जोडलेले नाहीत. कुशीवर निजलेली, पाय पोटाशी घेतलेले, डोक्याला कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं, एक हात उशाखाली आणि दुसरा लांब केलेला, बाळाच्या गव्हाणीपर्यंत पोचेल असा. डोळे अर्धे मिटलेले. रंग फिकट. लुगडं निळं, सांगितलं होतं तसं.

मग त्या बायकांतली सांतानमाय म्हणाली, "ही आजारी कित्याक?"

मी गंगारामला विचारलं, "अरे, हे काय केलंस?"

"तुमी सांगलात तांच केलंय. बाळंतीण."

"अरे पण ही देवाची आई. ती गुडघ्यांवर बसलेली असते, हात जोडून."

मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. सावित्रीमावशी पुढे झाली. कॅलेंडर जवळून बघितलं, लांबून बघितलं, आणि म्हणाली, "ह्या कोणा दादल्यान काढलां असताला."

"का गो मावशी?"

"आताच बाळंत झालेली बाई गुडघ्यार बसता? तिची कंबर खंय ऱ्हवली? पडूक दी गो तिका. पोर बापायकडे दी घटकाभर, तो नुसतो उभो आसा दिवो घेवन." मग माझ्याकडे वळली. "आणि बाळंतपण कोणी केलां तिचां?"

"कोणी नाही. पुस्तकात सुईण सांगितलेली नाही."

"मगे नाळ कोणी कापली? ह्या जोजेन?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, पुस्तकात नाही ते मी कुठून सांगू?"

"पुस्तकात नाय म्हणान काय झालां? पन्नास वर्सां मी पोरां हाडतंय, माझां नाव खंयच्या पुस्तकात आसा?"

तेवढ्यात गंगारामने हळूच विचारलं, "बाई, कपाळ तेवढां रिकामां ठेवलंय. लाल रंग आणलेलो आसा. कुकू लावया?"

"नको रे, आमच्यात नसतं."

"तसां नाय, घोव जिवंत आसा मगे तिचो. थंयच उभो आसा."

आता मीसुद्धा हसले. पण हसता हसता घाबरले होते, कारण पाद्रीबाब दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलेलं. चष्मा पुसून मूर्तीजवळ बसले. म्हणाले, "शास्त्र असं सांगतं की मारियेला वेणा आल्याच नाहीत. ती अशी पडेल कशी?" सावित्रीमावशीला शास्त्र कोणी समजावून सांगितलं नव्हतं, तिने विचारलं, "गाव खंयचो तिचो?" पाद्रीबाब म्हणाले, नाझरेथ, तिथून बेथलेहेम चार-पाच दिवसांची वाट. "चलत?" "गाढवावर असेल, काही चालत." मावशी म्हणाली, "नवव्या म्हयन्यात."

पाद्रीबाबांनी मूर्तीचा लांब केलेला हात बोटाने चाचपला. शेवटी म्हणाले, "वेणा नव्हत्या. पण वाट होतीच. दमली असेल. निजू दे तिला."

म्हणून आमच्या गोठ्यात ह्या वर्षी मारिया निजलेली आहे. सांतानमायला पटलेलं नाही. ती येता-जाता नाक मुरडते, पण काल तिनेच आपल्या घरची गोधडीची चिंधी आणून मूर्तीच्या पायांवर घातली.

एस्पू, मी इतकी वर्षं नाताळ म्हणजे नेवऱ्या, दोदोल, नवं लुगडं, कोपेलातली रात्री बाराची मिस्सा असं समजत आले. गोठा मांडायचा तो शोभेचा. देवाची आई दमली असेल, तिची कंबर दुखत असेल, तिला कोणी कढत पेज दिली की नाही, असं कधी मनात आलं नव्हतं. देव माणूस झाला हे मी शाळेत असल्यापासून म्हणते. पण माणूस झाला म्हणजे एका बाईच्या जिवावर बेतून झाला, हे मला ह्या कुंभाराने शिकवलं.

ये, आणि तिला बघ. भिंतीकडच्या वाटेने नको, मी तुला माडांतून मागच्या दाराने नेईन.

बाय


बेळगाव
१४ डिसेंबर १९६०

प्रिय बाय,

हसले. इतकी हसले की यांनी स्वयंपाकघरात येऊन विचारलं काय झालं. त्यांना सगळं वाचून दाखवलं. कुंकवाचं ऐकून हेही हसले. मग मी मूर्तीचं वर्णन पुन्हा वाचायला लागले, आणि "डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं" इथे मला पुढे वाचता येईना. ह्यांनी पत्र घेऊन उरलेलं वाचलं.

त्या बाळंतपणात मला कोणी तसं बघितलं असेल तर ते सावित्रीमावशीने. गंगारामला तिनेच सांगितलं असणार. कुशीवर, पाय पोटाशी, हात लांब केलेला. माझा हात कुठपर्यंत पोचला होता, बाय?

त्या मारियेला उठवू नका. पाद्रीबाब बदलले, बिशप आले, तरी उठवू नका.

आता एक मागते. मागच्या दाराने नेण्याचं तू म्हणतेस, ते राहू दे. त्या दिवशी दुपारी खोलीत तू होतीस, सावित्रीमावशी होती आणि मी होते. मी तापात होते. तिसऱ्या दिवशी शुद्ध आल्यावर मी तुला एक विचारलं होतं आणि तू मला एक सांगितलं होतंस. तेच पुन्हा एकदा कागदावर लिही. जसं झालं तसं लिही, बाय. माझ्या जिवाला काय सोसेल याचा विचार तू करू नकोस. तो आता मी करते.

रजेचं ह्यांनी विचारलेलं नाही. मीच विचारू नका म्हटलं आहे.

तुझी एस्पू


मालवण
ता. १८ डिसेंबर १९६०, रविवार

प्रिय एस्पू,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. दोन दिवस ते मी मिठाच्या बरणीखाली ठेवलं होतं. आज मिस्सा आटोपून लिहायला बसले आहे. तुझे भावोजी पावाच्या भट्टीवर गेलेत, घरात कोणी नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंनी आणि कडेनेही लिहीन, तेव्हा नीट लावून वाच.

शुक्रवारीच सकाळी मी कोपेलात गोठ्याला गवत घालत होते. सावित्रीमावशी आली. मूर्तीखालचं गवत तिला टोचरं वाटलं म्हणून तिने मऊ निवडून घातलं. मग विचारलं, "तुझी भैन येवची नाय?"

"नाही म्हणते."

"तिका सांगलंस?"

"काय?"

"पोर रडलां तां."

मी म्हटलं, "मावशी, हळू."

"हळूच बोलतंय. दोन वर्सां हळूच बोलतंय." एवढं म्हणून ती गवत निवडत राहिली. घरी आले तर दारात दत्ताराम, तुझं पत्र घेऊन. तेव्हा आता लपवून कुठे जाऊ?

एस्पू, तो जिवंत जन्मला होता.

मी तुला सांगितलं की तो जन्मतानाच गेलेला होता. पाद्रीबाबांनाही तसंच सांगितलं, इनासला तसंच पत्र घातलं. ते खोटं होतं. दुपारचे तीन वाजायला आले होते. तो बाहेर आला, निळसर होता, सावित्रीमावशीने पाठीवर थोपटलं आणि तो रडला. दोनदा. मोठ्याने नाही. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "दम नाय ह्याका. तुमचां काय पाणी घालूचां असतां तां घाला बेगीन."

मावशी हिंदू, तिला कळलं. आणि मी, जिला कातेसिझमाच्या धर्मपरीक्षेत बिशपच्या हातून बक्षीस मिळालं होतं, मी काय केलं? पाठ केलेलं होतं, एस्पू: जीव जाण्याची भीती असेल तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा, कोणत्याही पाण्याने, विहिरीच्या, नदीच्या, पावसाच्या. मावशीच्या हाताशी कोमट पाण्याचा तांब्या भरलेला होता. मला वाटलं, हे बाळंतपणाचं पाणी, रक्ताचे हात बुडवलेलं, ते देवाच्या नावाने कसं घालू? म्हणून मी बाहेरच्या खोलीत धावले, देव्हाऱ्यावर पास्काच्या सणाला आशीर्वाद दिलेल्या पाण्याची बाटली होती ती आणायला. तिचं बूच घट्ट बसलेलं. दातांनी काढलं. परत आले तर मावशीने त्याला पदरात घेतलं होतं, आणि मान हलवली.

तीन नमान मोरियेच्या प्रार्थना म्हणायला लागतो तेवढाच वेळ तो होता. त्यातला अर्धा मी बाटलीच्या मागे घालवला.

मी तुला खोटं का सांगितलं? तुझं मन राखायला, असं मी स्वतःला सांगत आले. मेलेलाच जन्मला तर कोणाचा दोष नाही, असं. पण कोणाचा दोष नाही म्हणजे माझा दोष नाही, एवढंच त्याच्या मुळाशी होतं. तो भिंतीबाहेर आहे तो नियमामुळे नाही, माझ्यामुळे आहे. तू भिंतीला दोष देत होतीस, आणि मी तो देऊ दिला. दर रविवारी गवत काढायला जाते ते का, ते आता तुला कळलं.

काल शनिवारी कुमसाराला गेले आणि पाद्रीबाबांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी क्षमेचा मंत्र म्हटला आणि म्हणाले, "देवाकडचं झालं. बहिणीकडचं राहिलं आहे." मग बाहेर ओसरीवर मी त्यांना एक विचारलं, ते बरेच दिवस डोक्यात होतं. नाताळनंतर अठ्ठावीस तारखेला आपण बेथलेहेमच्या बाळकांचा सण पाळतो ना, ज्यांना हेरोदाने मारलं? मी विचारलं, "पाद्रीबाब, त्या पोरांचा बाप्तिस्मा कोणी केला होता?"

ते म्हणाले, "कोणी नाही."

"पण चर्च त्यांना संत म्हणतं."

"म्हणतं."

"मग आमचा?"

एस्पू, ते विद्वान आहेत, रोमची पुस्तकं वाचलेले. त्यांना काहीतरी मोठं उत्तर देता आलं असतं. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, लुदविना. पण अठ्ठावीसची सकाळची मिस्सा मी त्याच्यासाठी म्हणेन. वहीत नाव काय घालू?"

आपल्या पोराला नावच नाही, एस्पू.

घरी येताना पुन्हा कोपेलात गेले. कोणी नव्हतं. त्या निजलेल्या मारियेसमोर बसले. गंगारामच्या मातीला अजून ओला वास येतो. आणि मला दिसलं ते तुला सांगते, कितपत बरोबर ते देव जाणे. त्या गोठ्यात आशीर्वादाचं काहीच नव्हतं. देव्हारा नव्हता, बाटली नव्हती, पाद्री नव्हता. जनावरांचं खाणं घालायची गव्हाण, बैलाची लाळ लागलेली. बाळंतपणाचं पाणी असेल तेही कुठल्यातरी घड्यातलं. देव तिथेच आला. माझ्या हाताशी भरलेल्या तांब्यात तो होताच, आणि मी त्याला शोधायला बाहेरच्या खोलीत धावले. वर्षानुवर्षं गोठा मांडला, पण देव गोठ्यात का आला हे मला समजलेलंच नव्हतं.

तुझी क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. तू आली नाहीस तरी मला कारण कळेल. इनासलाही वाचून दाखव, त्याचाही मुलगा होता.

नाव तेवढं कळव. पाद्रीबाब वही उघडी ठेवून बसलेत.

लुदविना


बेळगाव
२१ डिसेंबर १९६०

प्रिय बाय,

तुझं पत्र आज सकाळी अकराला आलं. ह्यांना ऑफिसातून बोलावून घेतलं. दोघांनी मिळून वाचलं. हे बराच वेळ अंगणात फेऱ्या घालत होते. आता आत येऊन बसलेत आणि मला लिही म्हणतात.

मी तुझ्यावर ओरडावं अशी तुझी अपेक्षा असेल. दुपारपर्यंत मी तुझ्यावर पुष्कळ ओरडले, मनातल्या मनात, कपडे धुताना. धोपटणं तुटलं. ते ओरडणं संपलेलं नाही, मधूनमधून येईल, तू तयारी ठेव. त्या बुचाची गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तूही विसरणार नाहीस, हे तुझ्या अक्षरावरून दिसतं.

पण बाय, मी ऐकलं होतं.

तो रडला ते मी ऐकलं होतं. दोनदा, मांजराच्या पिल्लासारखं. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मी तुला तेच विचारलं, "तो रडला ना गो?" आणि तू माझ्या कपाळावरून हात फिरवून म्हणालीस, "नाही गो, तुला भास झाला." तू म्हणालीस म्हणून मी मानलं. तुझ्याशिवाय मला सांगणारं कोण होतं? ह्यांना सांगितलं, हे म्हणाले ताप होता. तेव्हापासून मला माझ्या कानांचा भरवसा वाटेनासा झाला. शेजारचं मूल रडलं की मी ह्यांना विचारायची, खरंच रडतंय ना? दोन वर्षं मी घाबरून काढली की आपलं डोकं ठिकाणावर नाही. भिंतीचं मला दुःख होतं, ते खोटं नाही. पण मी आले नाही ती भिंतीमुळे नाही. तुझ्यासमोर बसून तू पुन्हा एकदा "भास" म्हणशील, त्याला मी घाबरत होते.

आता माझा मुलगा जगला होता. तीन नमान मोरिये एवढा का होईना. मेलेलंच जन्मलेलं मूल आणि जगून गेलेलं मूल यांत काय फरक आहे ते ज्या बाईला झालं नाही तिला नाही समजणार. तुला समजेल, तू त्याला बघितलंस.

नाव काइतान. ह्यांच्या वडिलांचं, पहिल्या मुलाला तेच द्यायचं असतं. वहीत काइतान इनास ब्रिटो असं पूर्ण लिहायला सांग.

ह्यांनी मघाशी साहेबांकडे माणूस पाठवला. रजा सव्वीसनंतरची मिळाली, पाच दिवस. नाताळला पोचत नाही. सत्तावीसला सकाळच्या एस्टीने निघतो, अठ्ठावीसच्या मिस्सेला तिथे असू. मला मागच्या दाराने नेऊ नकोस. भिंतीकडच्याच वाटेने जाऊ, तिघं मिळून, आणि उंडीखाली थांबून पुढे जाऊ. सावित्रीमावशीलाही बोलाव. मिस्सेला आत बसायचं असेल तर बसू दे, सांतानमायने नाक मुरडलं तर माझं नाव सांग.

आणि एक. हे तुला मी तिथे आल्यावर विचारू शकणार नाही. तू रडशील, मी रडेन, आणि राहून जाईल. म्हणून पत्रातच मागते. तुम्ही त्याला गुंडाळून नेलंत, मी त्याला बघितलेलं नाही. तू बघितलंस. केस होते का त्याला? रंग कोणावर गेला होता, ह्यांच्यावर की आपल्या पप्पांवर? डोळे उघडले होते का, एकदा तरी? बोटं कशी होती? सावित्रीमावशीला आठवत असेल तेही विचारून घे, तिला जास्त आठवेल.

जेवढं आठवतं तेवढं सगळं लिही, काही गाळू नकोस. चोविसाच्या टपालात टाकलंस तर आम्ही निघण्याआधी मिळेल. मला त्याला ओळखून यायचं आहे. परतटपाली कळव.

तुझी,
एस्पू